पुरं न होणारं चित्र

मेहिटबल बोर्नला तो चित्रकार पहिल्या दिवसापासूनच खटकला. परक्या घरात पाऊल टाकणारा माणूस आधी घरातल्या माणसांकडे बघतो. ह्याने आधी खिडक्या बघितल्या. कुठली उत्तरेला, कुठलीच्या समोर झाड आहे, कुठल्या खिडकीतून समुद्राचा उजेड आत येतो, हे सगळं बघून झाल्यावर त्याने टोपी काढली आणि आपलं नाव ऑरिन स्प्रेग असल्याचं सांगितलं. तिशीच्या आतबाहेरचा माणूस. कोटाची कोपरं झिजलेली, बूट मात्र नवेकोरे. त्या संध्याकाळी मेहिटबलने चांदीचे चमचे गुपचूप आपल्या खोलीतल्या पेटीत नेऊन ठेवले.

घर तिच्या भावाचं, कॅप्टन जोथम बोर्नचं. पण भावजय वारल्यापासून ते चालवत होती मेहिटबल. जोथम सुमात्राहून मिरी आणायचा, वर्ष-दीड वर्ष समुद्रावर असायचा. त्याची एकुलती एक मुलगी केझाया आत्याच्याच हाताखाली वाढली होती. आता ती एकोणीस वर्षांची झाली होती. उंच, शांत, आणि मनातलं चटकन तोंडावर न आणणारी. मार्शपोर्टच्या बंदरात जोथम बोर्नच्या शब्दाला वजन होतं. तो खोटं बोलत नाही, हे तराजूवाल्यापासून चर्चच्या पाळकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या उन्हाळ्यात तो परतला तो मोडक्या डोलकाठीचं गलबत घेऊन. मादागास्करच्या खाली वादळाने गलबताला तीन दिवस झोडपलं होतं. माणूस मात्र एकही गमावला नव्हता. गावाने त्याचं कौतुक केलं, पाळक स्नो यांनी उपकारस्तुतीची प्रार्थना केली. पण जोथमला ते कौतुक पचेना. जेवता जेवता हात थांबायचा. केझाया खोलीत आली की तो उठून धक्क्यावर जायचा. मेहिटबलला वाटलं, वय झालं, भीती अंगात राहिली असेल. आणि मग ऑक्टोबरात त्याने एकाएकी जाहीर केलं की बैठकीच्या भिंतीवर लावायला तो एक मोठं चित्र काढून घेणार आहे. बायबलमधलं. इफ्ताह आणि त्याची मुलगी.

मेहिटबलने हातातलं विणकाम खाली ठेवलं. ती गोष्ट तिला पाठ होती, गावातल्या सगळ्यांनाच होती. इफ्ताह सेनापतीने लढाईला जाताना नवस केला, की जिंकून आलो तर माझ्या दारातून जे पहिलं मला सामोरं येईल ते देवाला होम म्हणून वाहीन. जिंकून आला, तर डफ वाजवत, नाचत सामोरी आली ती त्याची एकुलती एक लेक. बापाने अंगावरचे कपडे फाडले. पण नवस तो नवस. असलं चित्र कोण बैठकीत लावतं? लोकांच्या घरात गलबतांची चित्रं होती, फारतर आजोबांचं तोंड होतं.

"हा विषय कुणाला सुचला?" तिने भावाला विचारलं.

"त्या चित्रकाराला," जोथम म्हणाला. "त्याच्या मनात होता म्हणे."

चित्रकार राहायला आला त्याच्या दुसऱ्या दिवशी न्याहारी वाढताना तिने तोच प्रश्न सहज केल्यासारखा त्याला विचारला. तो मक्याच्या भाकरीवर काकवी ओतत म्हणाला, "मला? नाही हो बाई. मी तर तान्ह्या मोशेला पाण्यातून काढतात ते सुचवलं होतं. त्यात बायका जास्त, पाणी आहे, बरं दिसतं. कॅप्टनसाहेबांनीच सांगितलं, काढायचं तर इफ्ताह."

दोघांपैकी एक खोटं बोलत होता. भाऊ खोटं बोलत नाही. मग उरला कोण, हे मेहिटबलला कुणी सांगायला नको होतं. त्या दिवसापासून ती त्या माणसावर डोळा ठेवून राहिली.

चित्रात इफ्ताह म्हणून जोथम उभा राहणार होता आणि मुलगी म्हणून केझाया. हेही मेहिटबलला रुचलं नाही, पण जोथमने ऐकलं नाही. बैठकीतलं सामान एका बाजूला सरकवलं गेलं, जमिनीवर जुनं शीड अंथरलं गेलं, आणि घरभर टर्पेंटाइनचा वास बसला. तो पावातसुद्धा लागतो अशी तिची तक्रार होती. बाप लेकीबरोबर कधीच उभा राहिला नाही. तो सकाळी वेगळा उभा राहायचा, दार लावून, अंगावर पलंगपोस गुंडाळून. दुपारी केझायाचा वेळ. त्या वेळी मात्र मेहिटबल विणकाम घेऊन तिथेच खुर्ची टाकून बसायची.

पहिल्या महिन्यात काम भराभर झालं. दार झालं, जिना झाला, मुलीच्या मागच्या मैत्रिणी झाल्या. केझायाचा चेहरा चित्रात असा हुबेहूब उतरला की मेहिटबलही विणकाम थांबवून बघत राहिली. त्यांच्या कडक पंथात ख्रिसमस पाळत नसत, पण त्या सुमाराला चित्र पुरं होईल असंच सगळे धरून चालले होते. आणि तिथेच काम अडलं.

आधी तो म्हणाला, उजेड कमी झालाय. ते खरंच होतं, डिसेंबरात चार वाजता दिवे लावावे लागत. मग म्हणाला, निळा रंग बॉस्टनहून यायचाय. रंग आला. मग म्हणाला, डफ धरलेला हात बरोबर नाही. मेहिटबलला चित्रातलं कळत नव्हतं, पण विणकामातलं कळत होतं. टाके उसवलेले तिच्या नजरेतून सुटत नसत. सोमवारी तो हात बोटांसकट पुरा झालेला तिने स्वतः बघितला होता. गुरुवारी सकाळी झाडताना तिला शिडावर रंगाचे कोरडे कपटे सापडले, आणि वर बघितलं तर हात नाहीसा. नुसता तपकिरी डाग. त्याने तो खरवडून काढला होता.

पुढच्या आठवड्यात झग्याची किनार गेली. मग पायातल्या वहाणा. मेहिटबलने कपटे एका बशीत गोळा करून ठेवले आणि मनाशी निकाल लावून टाकला. घरात शेगडी आहे, तीन वेळ गरम जेवण आहे, शनिवारी घेवडा आणि डुकराचं मांस आहे. बाहेर बर्फ आहे. कोण शहाणा माणूस अशा घरातून लवकर निघेल? पण ते एकच कारण असतं तर तिने सोडूनही दिलं असतं. ती स्वयंपाकघरात गेली की बैठकीत कुजबुज सुरू व्हायची, आणि तिचं पाऊल वाजलं की थांबायची. केझाया, जी कुणाशी दोन शब्द जास्त बोलत नसे, ती ह्या माणसाशी काय बोलत होती?

"काय चाललं होतं मघाशी?" तिने एकदा केझायाला चुलीपाशी गाठून विचारलं.

"काही नाही, आत्या. मान कशी ठेवायची ते सांगत होते."

"मान ठेवायला इतकं बोलावं लागतं?"

केझायाने तिच्याकडे बघितलं. काहीतरी सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं, हे मेहिटबलला दिसलं. पण त्याच वेळी जोथम धक्क्यावरून आला, बुटांवरचं बर्फ झाडत, आणि केझाया किटली उचलून बाहेर गेली. मेहिटबलने त्याचाही अर्थ लावला. पोरगी बापाला घाबरते, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे.

फेब्रुवारी सरत आला होता. पाळक स्नो यांचं येणं वाढलं होतं. ते जोथमबरोबर तासतास बसायचे, आणि जाताना बैठकीत डोकावून चित्र कुठवर आलं ते विचारायचे. मेहिटबलला वाटलं, त्यांनाही संशय आलाय. तिला जरा आधार वाटला.

एका दुपारी ती मासळी घेऊन बाजारातून रोजच्यापेक्षा लवकर परतली. मागच्या दाराने आत आली आणि बैठकीचं दार न ठोठावता उघडलं. केझाया खिडकीशी उभी राहून रडत होती. चित्रकार तिच्यासमोर उभा होता, आणि त्याने तिचं मनगट हातात धरलं होतं.

 कॉडमासा तसाच टोपलीत टाकून, डोक्यावरची शालसुद्धा न काढता मेहिटबल सरळ धक्क्यावर गेली आणि भावाला जे बघितलं ते सांगितलं. बशीतले कपटे, कुजबुज, न्याहारीच्या वेळचं खोटं, सगळं एकदाच बाहेर पडलं. जोथम ऐकत उभा राहिला. त्याला संताप येईल असं तिला वाटलं होतं. तो संतापला नाही. तो थकल्यासारखा दिसला, आणि मग, तिला नीट उमगेना असं, सुटल्यासारखा.

"बरं," तो म्हणाला. "मग आता तो गेलेलाच बरा."

तासाभरात ऑरिन स्प्रेगची पेटी दारात आली. त्याला त्याचे पैसे मिळाले. तो बाजू मांडायला धडपडला नाही, ह्यात मेहिटबलला त्याचा गुन्हा कबूल झालेला दिसला. दाराशी मात्र तो तिच्यापाशी थांबला.

"बाई, तुम्ही कपटे गोळा करत होता ते मला माहीत होतं," तो म्हणाला. "मला वाटत होतं, एक दिवस विचाराल, बाबा रे, केलेलं काम का पुसतोस? तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आता पोरीला विचारा. पण आजच विचारा."

 तो पेटी खांद्यावर घेऊन बर्फातून खानावळीच्या दिशेने निघून गेला.

केझाया माडीवर पलंगावर बसली होती. डोळे कोरडे होते आता. मेहिटबलने दार लावलं आणि विचारलं. केझायाने सांगायला फार वेळ घेतला नाही, जणू ती कित्येक आठवडे हे शब्द जुळवून बसली होती.

त्या वादळात बाबांनी नवस केला होता. गलबत आणि माणसं वाचव, माझ्याजवळ सगळ्यात लाडकं जे आहे ते तुझं. परत आल्यावर त्यांनी पाळकांना विचारलं की हा नवस फेडायचा कसा. त्याच सुमाराला ब्रह्मदेशातले मिशनरी मिस्टर विदरबी सुट्टीवर आले होते. त्यांच्या दोन बायका एकीमागून एक तिकडेच तापाने गेल्या होत्या, आणि मिशनच्या मंडळाचं म्हणणं होतं की बायको असल्याशिवाय परत जाऊ नये. मुलगी त्यांना द्यावी, ह्यातच पाळकांनी देवाची खूण बघितली. बाबांचं मन मानेना, आणि नाहीही म्हणवेना. मग त्यांनी हे चित्र काढायला सांगितलं.

"त्यांना वाटलं, मी रोज त्या मुलीच्या जागी उभी राहिले की मला आपोआप समजेल," केझाया म्हणाली. "ती बापाला म्हणते ना, तुम्ही बोललात तसं माझं करा. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचंय. चित्र पुरं होईल त्या दिवशी मला सांगायचं असं त्यांनी ठरवलंय."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"स्प्रेगनी. कपडे फाडताना कसे उभे राहाल, असं त्यांनी बाबांना विचारलं, तर बाबा खालीच बसले. सगळं बोलून गेले. स्प्रेगनी ते मला सांगितलं, आणि मी त्यांना म्हटलं, मग पुरं करू नका. वसंतात विदरबींचं गलबत सुटतं. तोवर पुरं करू नका." ती उठून खिडकीशी गेली. "आज ते म्हणत होते की आत्याला सांगूया. मीच नको म्हणत होते. मला वाटलं, तू बाबांचीच बाजू घेशील."

 मेहिटबल पलंगाच्या कडेला बसली. चार महिने तिने ज्या माणसावर पहारा ठेवला तो ह्या घरातला एकटा माणूस होता, जो तिच्या पोरीसाठी काही करत होता. आणि खोटं बोलला होता तो जोथम. मोशेऐवजी इफ्ताह कुणी मागितला, तेवढं एकच खोटं, आणि तिने ते डोळे मिटून गिळलं होतं, कारण ते तिच्या भावाचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खानावळीत गेली. माफी कशी मागायची हे तिला ठाऊक नव्हतं, पण मागायला गेली होती. चित्रकार पहाटेच्या गाडीने पश्चिमेला निघून गेला होता. कुठे, ते खानावळवाल्याला सांगता येईना. तो तिला पुन्हा कधीच भेटला नाही.

चित्रातली मुलगी पुरी झालेली होती, डफाचा हात, झग्याची किनार आणि वहाणा सोडून. इफ्ताहाचं तोंड मात्र रंगवलेलंच नव्हतं. तिथे तपकिरी रंगाचा एक पुसट लंबगोल होता. जोथमने ते तसंच चौकटीत बसवून घेतलं आणि मार्चच्या शेवटी एका संध्याकाळी पाळक स्नो आणि मिस्टर विदरबी यांना चहाला बोलावलं. मेहिटबलने त्याआधी भावाशी भांडून बघितलं होतं. तो एवढंच म्हणाला होता, "मी देवाला शब्द दिलाय, हिटी. बारा माणसं जिवंत घरी आली. तो शब्द मी मोडला तर ती कुणाच्या हिशेबात धरायची?" 

विदरबी चाळिशीचा, पिवळट पडलेला, वाईट नसलेला माणूस होता. त्याने सफरचंदाची पाई अगदी हळूहळू खाल्ली, जणू तिकडे गेल्यावर असलं काही मिळायचं नव्हतं. मग जोथम उठून चित्रापाशी उभा राहिला आणि सगळं बोलला. वादळ, नवस, ब्रह्मदेश. त्याचा आवाज एकदाही फुटला नाही, आणि तो एकदाही केझायाकडे बघू शकला नाही.

केझायाने मांडीवरचे हात उचलले नाहीत. "बाबा, तुम्ही शब्द दिलात तर तसं करा," ती म्हणाली.

 म्हणजे पोरगी मानली तर. महिनाभर मेहिटबलने जे मनात रचलं होतं, गाडी, मामाचं गाव, रात्रीतून पळ, ते सगळं पोरीने एका वाक्यात वाऱ्यावर सोडलं. की हेच तिच्या मनात आधीपासून होतं? पाळकांचा चेहरा उजळला होता.

"पण मला एक गोष्ट हवी," केझाया पुढे म्हणाली. "तिला मिळाली तीच. पाळकसाहेब, तिने बापाकडे काय मागून घेतलं होतं?"

पाळक स्नो क्षणभर गोंधळले. शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं, आणि सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "दोन महिने," ते म्हणाले. "दोन महिने डोंगरांवर जाऊन शोक करायला."

"मग मला ते द्या. आईच्या माहेरी, व्हरमाँटच्या डोंगरांत. आत्या येईल सोबत."

विदरबीने घसा साफ केला. गलबत मेच्या मध्याला सुटतं, तो म्हणाला, वारा त्यानंतर थांबत नाही. पाळकही म्हणाले की काही आठवड्यांत भागेल, भाव महत्त्वाचा, आकडा नव्हे. सगळे जोथमकडे बघू लागले. मेहिटबलही बघत होती. ह्या माणसाचं सारं आयुष्य वारे आणि तारखा जुळवण्यात गेलं होतं. कुठल्या बंदरातून कधी सुटलं तर कुठे कधी पोचतो, हे तो झोपेतसुद्धा सांगायचा.

"शास्त्रात दोन महिने आहेत," जोथम म्हणाला. "इफ्ताहाने दिले. मीही देईन. एक दिवस कमी नाही."

दोघी दुसऱ्याच दिवशी निघाल्या. गाडी वळणावर जाईपर्यंत जोथम दारात उभा होता. डोंगरात तेव्हा मेपलच्या झाडांच्या रसाचा पाक करायचे शेवटचे कढ चालले होते, मामाच्या मेंढ्या व्यात होत्या, आणि शोक करायला फारसा वेळ मिळाला नाही. मेहिटबल मात्र प्रत्येक पायवाटेवर नजर ठेवून असायची. तिला वाटायचं, भाऊ विचार बदलेल, पाळक माणूस पाठवतील. कुणी आलं नाही. मे संपत आला तेव्हा बातमी आली की मिस्टर विदरबी शेजारच्या परगण्यातल्या एका शिक्षिकेशी लग्न करून वेळेवर रवाना झाले.

दोघी जूनमध्ये घरी परतल्या. बाप-लेक त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. पाळक स्नो जोथमशी थंड वागू लागले, आणि जोथम पुन्हा मोठ्या सफरीवर गेला नाही. केझायाने मुलींची शाळा काढली. चित्र बैठकीतच राहिलं. पाहुणे विचारत की बापाला तोंड का नाही, आणि घरातले सांगत की चित्रकार मध्येच गेला.

दोन वर्षांनी एका रविवारी प्रार्थना संपताना पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलं की ब्रह्मदेशात मिसेस विदरबी प्रभूच्या घरी गेल्या, तापाने. मंडळीने माना खाली घातल्या. केझाया बसली होती तशीच ताठ बसून राहिली. बाहेर पडताना ती आत्याचा हात सोडून पाळकांकडे गेली.

मेहिटबल आणि जोथम पुढे चालू लागले. बंदराकडून गार वारा येत होता. संशय मनात ठेवून नुसतं पाहत बसलं की काय होतं, हे ती शिकली होती. म्हणून तिने सरळ विचारलं.

"त्या संध्याकाळी तू दिवस मोजले होतेस, जोथम?"

 "मी समुद्रावरचा माणूस आहे, हिटी," तो म्हणाला. "वारा कधी सुटतो ते मला विचारावं लागत नाही." मग म्हणाला, "रोज रात्री देवाला सांगतो की मी माझ्याकडून मुलगी दिली होती. तो मानत असेल असं वाटत नाही. आजपासून तर मुळीच नाही."

मागून केझायाची पावलं वाजली. ती धापा टाकत त्यांच्या बरोबरीला आली. पाळकांना त्या बाईचं नाव आठवेना, ती म्हणाली. त्यांनी आत जाऊन मिशनच्या मासिकात शोधलं.

"फिलेना," ती म्हणाली. "लग्नाआधी फिलेना ड्रू. माझ्याहून एका वर्षाने लहान होती."

जोथमने ते नाव एकदा हळूच म्हणून बघितलं. मग तिघे घराकडे चालत राहिले.